आठ भोकांची डबी आणि रामलिंगचं वानर

हे सांगितलं तर कुणी मानणार नाही, म्हणूनच लिहून काढतोय. लिहिलेल्यावर माणसं जरा लवकर विश्वास ठेवतात. गेल्या सोमवारी, ऐन सकाळी, आमच्या तेर गावात एका वानरानं माझ्या घरातलं कॉम्प्युटरचं नेटवर्क बंद पाडलं. आता म्हणाल, वायर कुरतडली असेल. वायर कुरतडणारी वानरं पुष्कळ बघितली. या पठ्ठ्यानं वायर जोडून बंद पाडलं!

ओसरीवर बसून लिहितोय. पान भरलं की मोठ्यानं वाचतो. समोर आमची इरम्मा तुरीच्या शेंगा सोलतेय. ती ऐकते की नाही, हे मला पन्नास वर्षांत कळलेलं नाही.

मी वीरप्पा. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून छत्तीस वर्षं काढली. येडशीपासून नळदुर्गापर्यंत माझा पाय लागला नाही असा खांब नाही. नळदुर्गाजवळ एकदा वादळात मी वर असताना खांब वाकला, त्यानं मला अलगद ढाब्यासमोरच्या बाजेवर ठेवलं, आणि परत सरळ झाला. ढाबेवाला आजही साक्ष देईल. फक्त तो मला ओळखत नाही.

आमच्या कामाची एक शिस्त होती. वायरचं मोकळं टोक लोंबकळत ठेवायचं नाही. साहेब तपासणीला आले की खांबाखाली उभं राहून तेवढंच बघायचे, आणि टोक दिसलं की संध्याकाळपर्यंत मेमो हातात. रिटायर होऊन तेरा वर्षं झाली, पण मला अजून समोरच्याच्या लेंग्याची नाडीसुद्धा लोंबकळलेली बघवत नाही. हे लक्षात ठेवा. किंवा नका ठेवू, तसं काही महत्त्वाचं नाही.

माझी नात हर्षाली आमच्याकडेच राहते. पुण्यात शिकली, परत आली, आणि पुढच्या खोलीत लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र टाकलं. आता धाराशिवच्या एका कॉम्प्युटर क्लासला शिकवायला माणूस हवा होता. सोमवारी अकरा वाजता तिनं इथूनच, कॉम्प्युटरसमोर बसून, वीस मिनिटं शिकवून दाखवायचं होतं. बघणारे तिघं तीन गावांत बसलेले. संधी एकदाच. जमलं तर रोज एसटीनं पाऊण तासात धाराशिव, रात्री घरी. नाही जमलं तर मंगळवारी पुण्याची गाडी, तिथं मैत्रिणीनं काम बघून ठेवलेलं. तिची बॅग भरून दाराशी ठेवलेली होती. इरम्मा त्या बॅगेला वळसा घालून चालायची, जशी काय आत नागीण बसलीय.

शिकवायचा विषय होता नेटवर्क म्हणजे काय आणि त्याचे प्रकार किती. आठ दिवस तिनं तो धडा माझ्यावर घोटला.

“अज्जा, दोन कॉम्प्युटर वायरनं जोडले, एकमेकांशी बोलायला लागले, की झालं नेटवर्क. एका घरातलं किंवा ऑफिसातलं असलं तर लॅन. सगळ्या शहराचं असलं तर मॅन. गावं, जिल्हे, देश ओलांडून गेलं तर वॅन. आणि असली सगळी नेटवर्कं एकमेकांना जोडली की इंटरनेट.”

मी म्हटलं, यात नवीन काय? घरातली भांडणं, पेठेतली भांडणं आणि सोयऱ्याधायऱ्यांतली भांडणं. ती हसली आणि म्हणाली, हे मी धड्यात घेऊ का?

आमच्या घरातलं लॅन म्हणजे टेबलावरची एक काळी डबी. तिला स्विच म्हणतात. आठ भोकं, प्रत्येक भोकावर एक इवलासा दिवा. एका भोकात बाहेरून इंटरनेट येतं, बाकीच्यांतून वायरी निघतात. एक हर्षालीच्या कॉम्प्युटरला, एक प्रिंटरला, एक भिंतीवरून शेजारी शंकरप्पाच्या खताच्या दुकानाला. सगळ्यांचं बोलणं त्या डबीतून जातं. ती ज्याचा निरोप त्याला बरोबर पोचवते. आणखी एक वायर होती दुसऱ्या कॉम्प्युटरची. तो कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला. म्हणजे त्या वायरचं एक टोक डबीत, आणि दुसरं टोक मोकळं. टेबलाच्या कडेवरून लोंबकळत.

सोमवारी साडेनऊला माझी पूजा आटोपली. कपाळावर भस्माची तीन बोटं ओढली आणि सहज पुढच्या खोलीत डोकावलो. ते टोक लोंबकळत होतं. वाऱ्यानं हलतही होतं. मी बघितलं आणि निघून आलो. हात लावला नाही. बोट लावलं नाही. खोलीत कुणीच नव्हतं, म्हणून साक्षीदार नाही, त्याला माझा इलाज नाही.

मी अंगणात येऊन तंबाखू मळतोय, तोवर खिडकीत एक वानर! येडशीच्या रामलिंगच्या जंगलातलं, वाट चुकलेलं. काळं तोंड, शेपूट एवढी लांब की वानर खिडकीत आणि शेपटीचं टोक शंकरप्पाच्या दुकानात. त्यानं आत उडी मारली, ते मोकळं टोक उचललं, न्याहाळलं, डबीच्याच पलीकडच्या रिकाम्या भोकाला लावून बघितलं, आणि टक्क आवाज येईपर्यंत दाबलं. मग हात झटकून, आपलं काम नेटकं झालं अशा तोऱ्यात निघून गेलं.

इरम्माच्या शेंगा थांबल्या होत्या. मी वर बघितलं तशा परत चालू झाल्या.

दहा वाजता हर्षालीनं कॉम्प्युटर उघडला. नेट नाही. तिनं कॉम्प्युटर बंद करून चालू केला. नेट नाही. डबीवरचे सगळे दिवे वरातीतल्या लाइटिंगसारखे एकदम लपलप करत होते. ती डबीकडे वाकली तशी मी छत्तीस वर्षांच्या अधिकारानं सांगितलं, दिवे एवढे जोरात चाललेत म्हणजे डबी ठणठणीत आहे. फॉल्ट बाहेर आहे. पोरीनं माझं ऐकलं. लिहिताना आत्ता तेवढं वाक्य नको वाटतंय, पण लिहिलंय.

तेवढ्यात शंकरप्पा आला. त्याचंही मशीन बंद. आता खताचं पोतं अंगठा लावल्याशिवाय मिळत नाही, आणि अंगठा नेटशिवाय उमटत नाही. दुकानापुढं वीस-बावीस माणसं अंगठे धुऊन पुसून उभी. शंकरप्पा म्हणाला की लोक आता अंगठा त्याच्या गळ्यावर लावतील.

हर्षालीनं मोबाइल घेऊन गच्ची गाठली. तिथं रेंजची एक दांडी येते, पण चित्र पुढं सरकेना. मैत्रिणीला लावून बघितलं तर मैत्रिणीचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. मग इंटरनेटची वायर ज्यानं टाकली त्या रणधीरला फोन लावला. तो नेमका नळदुर्गात होता. त्यानं तिकडूनच मशीनवर बघून सांगितलं की बाहेरची लाइन तुमच्या उंबऱ्यापर्यंत चांगली आहे, घरातलं बघा. फोन तिनं माझ्या कानाला लावला होता. मी हर्षालीला सांगितलं, रणधीर म्हणतो खांब बघा.

दहा पंचवीस.

शिडी लावली. एकाहत्तराव्या वर्षी, धोतर खोचून, दातांत पक्कड धरून वर चढलो. खाली अंगठेवाल्यांची सगळी रांग जमा. वरून मला तेर दिसलं, तेरणा नदी दिसली, हवा स्वच्छ होती म्हणून हैदराबादही थोडं दिसलं. वायर मात्र धडधाकट. कुठं खरचटलेलं नाही. आता एवढ्या लोकांसमोर चढलो, नुसता खाली कसा उतरू? आमच्या वेळी अशा वेळी एकच उपाय होता. वायर तोडायची, टोकं सोलायची, पीळ मारून परत जोडायची. निम्मे फॉल्ट तेवढ्यानं जायचे. मी पक्कड वायरला लावली.

“अज्जा.”

हर्षाली शिडीच्या पायाशी उभी होती. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर बरं वाटलं असतं.

“त्यात तांबं न्हाय. काच हाय. केसाएवढी काच. तोडली तर तुमच्यानं न्हाय जोडणार, माझ्यानंबी न्हाय. रणधीरला नळदुर्गाहून यायला दोन तास लागतील.”

एरवी पोरगी पुण्याची मराठी बोलते. जीव टांगणीला लागला की तिच्या तोंडी घरची भाषा येते. पकडीचा जबडा वायरवर, वायर जबड्यात. माझ्या बोटांना छत्तीस वर्षांची सवय, ती आपोआप आवळतात. मी त्यांना मनातल्या मनात विनवलं. मग जबडा सैल केला, आणि तेवढ्या वेळात माझं वय एकाहत्तरवरून नव्वदवर गेलं.

खाली उतरलो तेव्हा पावणेअकरा. इरम्मा दारात उभी, बॅगेला टेकून. तिचं माहेर नळदुर्गाकडचं. राग आला की कानडीत बोलते, आणि भीती वाटली की पदर पिळते. पदराचा पार दोर झाला होता.

हर्षाली टेबलाशी जाऊन बसली. डोळे मिटले आणि आपलाच धडा पुटपुटायला लागली. आधी घर, मग पेठ, मग जग. आपण जगापासून सुरू केलं, ती म्हणाली, घर बघितलंच नाही. मग तिनं डबीतल्या वायरी एकेक करून काढायला घेतल्या. प्रिंटरची काढली, दिवे लपलप. शंकरप्पाची काढली, बाहेरून रांगेचा ओरडा चालूच, दिवे लपलप. घड्याळात अकराला सहा कमी. तिनं पुढच्या वायरला हात घातला, टक्क करून ती सुटली, आणि सगळे दिवे शांत झाले. मग एकेक सावकाश लुकलुकायला लागला, रात्रभर रडलेलं पोर सकाळी हुंदके देत झोपतं तसा.

तिनं ती वायर ओढली. ओढत गेली. दुसरं टोकही त्याच डबीतून निघालं.

मला अर्थ कळेना, तेव्हा तिनं घाईघाईत सांगितलं. भोंग्यासमोर माईक धरल्यावर काय होतं? भोंग्याचा आवाज माईकात, माईकातला परत भोंग्यात, किंचाळी वाढतच जाते आणि बोलणाऱ्याचं कुणाला ऐकू येत नाही. तसंच हे. डबीतला निरोप एका भोकातून बाहेर, दुसऱ्यातून परत आत. एकाचे दोन, दोनाचे हजार, आणि खऱ्या निरोपाला वाटच नाही.

“पण हे टोक इथं खुपसलं कुणी?” तिनं विचारलं. वाट न बघता कॉम्प्युटरकडं वळली, कारण अकराला दोन कमी होते.

मी दाराआड उभं राहून ऐकलं. घर, पेठ, सोयरेधायरे सगळं आलं. शेवटी तिघांपैकी एका बाईंनी विचारलं की समजा क्लासमधलं सगळं नेटवर्क एकदम बंद पडलं तर काय कराल? हर्षाली म्हणाली, मॅडम, मागच्या तासाभरात काय केलं ते सांगू का? तिघंही हसले. मग तिघंही वह्या काढून लिहायला लागले.

गुरुवारी फोन आला. नोकरी मिळाली. शंकरप्पानं पेढे वाटले. दाराजवळची बॅग इरम्मानं स्वतः उचलून माळ्यावर टाकली. तिला ती कशी झेपली, देव जाणे.

तर असं हे वानर. खरं तर त्याचे उपकारच मानायला हवेत, त्याच्यामुळं पोरीला शेवटच्या प्रश्नाचं उत्तर घरबसल्या मिळालं. मी त्याला नंतर दोनदा बघितलं, देवळाच्या कळसावर बसलेलं. मला ओळखून त्यानं मान...

“ओ,” इरम्मा म्हणाली. शेंगांची टोपली तिनं बाजूला ठेवली होती. “त्या डबीवर पांढऱ्या भस्माची तीन बोटं उमटली होती. पोरीला दिसायच्या आत म्याच पदरानं पुसली. वानरं कवापासून पूजा करायला लागली?”