धावदोरा नावाचा पक्षी

आमच्या भिंगरीला आम्ही घरीच शिकवतो. गणित आणि भाषा बायकोकडे, इतिहास माझ्या आईकडे, कारण तो बराचसा तिच्या देखतच घडलेला आहे. माझ्याकडे पेन्सिलींना टोक काढण्याचं खातं होतं आणि ते मी चोख सांभाळत होतो.

दरवर्षी शिक्षण खात्याच्या तपासनीस बाई घरी येतात, भिंगरीची परीक्षा घेतात आणि पुढच्या वर्षाच्या परवानगीवर सही करतात. गेल्या वर्षी सहीच्या वर त्यांनी शेरा मारला होता, 'निसर्ग अभ्यास अजिबात नाही. पुढील वर्षी सुधारणा न दिसल्यास मुलीस शाळेत घालावे.' भिंगरी दोन दिवस धड जेवली नाही. पूर्वी शाळेत होती तेव्हा ती सारखी खिडकीबाहेर बघायची, म्हणून तिला उचलून भिंतीशी बसवलं होतं. त्या भिंतीबद्दल ती अजूनही एखाद्या दुष्ट नातेवाइकाबद्दल बोलावं तशी बोलते.

"निसर्ग माझ्याकडे द्या," मी म्हणालो.

बायकोने पेन खाली ठेवलं. "तू प्लॅस्टिकच्या रोपाला चार महिने पाणी घालत होतास."

"रोपाचं सोड. पक्षी, झाडं, किडे, सगळं मला अप्पांनी शिकवलंय. तोंडपाठ आहे!"

अप्पा म्हणजे माझे वडील. त्यांचं शिवणाचं दुकान होतं आणि ते आठवड्यातून एक दिवस बंद असायचं. त्या दिवशी सकाळी ते मला कालव्याच्या काठाने फिरायला न्यायचे. मापाची पट्टी गळ्यातच राहिलेली असायची. मी बोट दाखवायचो आणि अप्पा जरा डोळे बारीक करून नाव सांगायचे. एकदाही अडले नाहीत. त्यांच्या हाताला मशीनच्या तेलाचा वास यायचा, आणि अजूनही कुठे तो वास आला की मला कालवाच आठवतो. अप्पांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, पण त्यांनी सांगितलेलं एकेक नाव माझ्या डोक्यात जसंच्या तसं आहे.

ते सगळं मी भिंगरीच्या वहीत ओतलं. जमिनीवर तुरुतुरु पळणारा, थांबणारा, पुन्हा पळणारा, तो धावदोरा. लाकडाला भोकं पाडणारा काजेवाला. मानेभोवती काळा पट्टा असलेला कॉलरवाला. पानाची खालची बाजू फिकी असली की ते झाड अस्तराचं. भिंगरी चित्र काढायची आणि खाली शाईने नाव लिहायची. चाळीस पानं भरली.

"बाबा, सगळी नावं शिवणकामातलीच कशी?" तिने एकदा विचारलं.

"उलट आहे ते. शिवणकामाने ती निसर्गाकडून उचलली," मी म्हणालो. इतकं छान उत्तर मला आधी कधी सुचलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी सकाळी भिंगरी आजीसमोर उजळणीला बसली. धावदोऱ्यापर्यंत आई गप्प होती. काजेवाला आल्यावर तिने चष्मा काढला. अस्तराच्या झाडाला तर ती हसून हसून खुर्चीतून घसरायची बाकी राहिली.

"अरे, तुझ्या अप्पांना कावळा आणि चिमणी सोडून काही ओळखता येत होतं का? तू प्रश्न विचारून विचारून त्यांचं डोकं खायचास. मला म्हणायचे, 'पोराला नाही माहीत म्हणवत नाही गं. बापाला सगळं येतं असं वाटतं त्याला.'"

मला हसू आलं नाही. सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला रडू येणं बरं दिसत नाही, म्हणून मी नळाखाली तोंड धुतलं.

"तुझ्याकडे एकच विषय होता," बायको म्हणाली. "एकच!"

बाई यायला अर्धा तास होता. शाई खोडता येईना, म्हणून मी कागदाचे तुकडे कापून चाळीस नावांवर चिकटवले. घाईत डिंकात पाणी जास्त पडलं. बाईंनी वही उचलली तेव्हा सगळे तुकडे भराभर त्यांच्या मांडीवर पडले आणि खालून धावदोरा बाहेर आला.

"हा काय प्रकार आहे?" बाईंनी विचारलं.

भिंगरीने माझा हात धरला. मी सगळं कबूल करून टाकलं, दुकान, कालवा, अप्पा. "मुलीची चूक नाही. सगळी नावं खोटी आहेत, ती माझ्या वडिलांनी रचली आणि मी खरी मानली."

बाई पानं उलटत राहिल्या. एका पानावर थांबल्या. "आणि हा शिंपी?"

"तोही खोटा. स्वतः शिंपी होते ना, म्हणून एका पक्ष्यालाही तेच करून टाकलं. म्हणे पानं शिवतो! माझ्याहून बारीक टाका आहे म्हणायचे."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. बायकोने कपाळाला हात लावला. भिंगरी हळूच म्हणाली, "पण बाबा, तो खरंच शिवतो. मी टाके मोजलेत."

ती बाईंना घेऊन मागच्या नळापाशी गेली. मीही मागोमाग गेलो. तिथल्या रुंद पानांच्या झुडपात दोन पानं कडेला कड जुळवून शिवलेली होती. आत कापूस होता. भिंगरीने बोट न लावता मोजून दाखवलं, चौदा टाके. त्यातला एक निळ्या दोऱ्याचा होता, आईच्या शिवणाच्या डब्यातून पळवलेला. मी वाकून बघत राहिलो. अप्पांचं एक नाव खरं होतं आणि नेमकं तेच मी सरकारी माणसासमोर खोटं ठरवलं होतं.

"हे किती दिवस बघते आहेस?" बाईंनी विचारलं.

"सोळा. वहीत शिंप्याच्या पानामागे तारखा लिहिल्यात."

मागे खरंच तारखा होत्या. मी फक्त नावं तपासली होती. बाईंनी परवानगीवर सही केली आणि शेरा मारला, 'निसर्ग अभ्यास : विद्यार्थिनी उत्तम. शिक्षक बदलावा.'

तो बदलला. आता माझ्याकडे पेन्सिलींना टोक काढण्याचं खातं आणि पाण्याची बाटली धरण्याचं जादा काम आहे. भिंगरी पुढे चालते, मी मागे. लायब्ररीतून आणलेल्या पुस्तकावरून तिने सगळी खरी नावं वहीत लिहिली, अप्पांची मात्र खोडू दिली नाहीत.

गेल्या आठवड्यात तारेवर एक तुरेवाला पक्षी दिसला. पुस्तक घरी राहिलं होतं.

"याचं नाव काय गं?" मी विचारलं.

भिंगरीने माझ्याकडे पाहिलं, मग जरा डोळे बारीक करून पक्ष्याकडे. "इस्त्रीवाला," ती म्हणाली.

मी निमूटपणे लिहून घेतलं. शाईने.