रणगाड्याखालचं लिंबू

एका जंगलात, बाळांनो, फार पूर्वी शेजारच्या जंगलाशी युद्ध झालं होतं. कोण जिंकलं ते विचारू नका. विजयदिन दोन्हीकडे साजरा होतो.

त्या युद्धातल्या गाड्यांचं सिंहमहाराजांनी संग्रहालय केलं. एक रणगाडा, दोन जीपा, एक चिलखती गाडी. सगळ्या नव्याने रंगवलेल्या आणि सगळ्या बंद. प्रमुख होत्या साळिंदरबाई. त्यांच्याशी वाद घालायला कुणी फार जवळ जात नसे.

युद्धातली आणखी एक गाडी उरली होती, पाण्याचा टँकर. धोंडबा खेचराने तो युद्धात चालवला आणि अजूनही चालवत होता. नदीवर भरायचा, टेकडीवरच्या जनावरांना पाणी वाटायचं.

मग महाराजांचा हुकूम निघाला. युद्धातली गाडी एक तर संग्रहालयात, नाही तर भंगारात. दसऱ्यापर्यंत ठरवा.

धोंडबाने टँकर तडक संग्रहालयाकडे वळवला. तो साळिंदरबाईंकडे गेला.

"बाई, माझ्या टँकरला आत घ्या."

"यानं मारलं किती जणांना?"

"एकालाही नाही. पाणी पाजलं. आपल्यांना, आणि एकदा वाट चुकलो तेव्हा पलीकडच्यांनाही."

साळिंदरबाईंनी नाक मुरडलं. टँकरभोवती एक फेरी मारली.

"सुरू होतो?"

"एका चावीत!" धोंडबा छाती फुगवून म्हणाला.

"मग ऐतिहासिक कसा?"

अर्ज फेटाळला. दसरा झाला की भंगार. धोंडबा टँकरला टेकून रडला. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्ही हसणार आहात.

दसरा उजाडला. संग्रहालयाचा पहिलाच. अंगणात रणगाड्याला झेंडूचे हार घातले, तोफेला हळदकुंकू लावलं, पट्ट्याखाली लिंबू ठेवलं. आता गाडी पुढे सरकून लिंबू चिरडलं की पूजा पूर्ण.

पण रणगाडा बंद होता. एवढी साधी गोष्ट कुणाच्या लक्षातच आली नव्हती.

हत्तीने ढकलून पाहिलं. हत्ती दमला. लिंबू टवटवीत.

"राहू द्या की ते लिंबू," महाराज कंटाळून म्हणाले.

"अपशकुन!" सगळी प्रजा ओरडली.

"धोंडबा!" साळिंदरबाईंनी हाक मारली. "तो टँकर घेऊन ये आधी!"

टँकर टेकडीकडे निघालाच होता. धोंडबाने तो वळवून आणला आणि रणगाड्याला साखळी बांधली. टँकर गुरगुरला, थरथरला. रणगाडा वीतभर सरकला आणि लिंबू फुटलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. महाराजांनी रणगाड्याला कडक सलाम ठोकला.

तेवढ्यात टँकरच्या पोटात खाडकन काहीतरी तुटलं. धूर निघाला. धोंडबाने चावी फिरवली. पुन्हा फिरवली. काही नाही.

साळिंदरबाई धावत आल्या. त्यांनी टँकरला कान लावला. आत चिडीचूप. त्यांचा चेहरा उजळला.

"ऐतिहासिक!"

टँकरला हार पडला. भोवती दोरी बांधली गेली. पाटी लागली: 'रणगाड्याचा सोबती. हात लावू नये.' भंगार टळलं म्हणून धोंडबाला इतका आनंद झाला, की तो पुन्हा रडला.

ऊन चढलं. टेकडीवरची जनावरं घागरी घेऊन आली. टँकर काठोकाठ भरलेला होता. धोंडबा सवयीने नळाकडे गेला.

"खबरदार!" साळिंदरबाई काटे फुलवून म्हणाल्या. "पाणीसुद्धा आता संग्रहात आहे."

जनावरांनी पाटी वाचली, टँकरला नमस्कार केला आणि रिकाम्या घागरी घेऊन ती नदीकडे चालू लागली. धोंडबाही निघाला. त्याच्या पाठीवर चार घागरी होत्या.

तात्पर्य: बाळांनो, नुसतं काम करत राहिलात, तर भंगारात जाल. मान हवा असेल तर वेळेवर बंद पडायला शिका. आणि दुसऱ्या कुणाचा सत्कार होणार असं कळलं, तर आधी आपली घागर भरून घ्या.