फारुस्काचे व्याख्यान

पोर्तुगालमधल्या लामेगूच्या वाचनालयाने व्याख्यानाला गाश्पारला बोलावले आणि एव्हारिश्तूच्या पोटात दुखू लागले. दोघेही लॅटिनचे निवृत्त मास्तर, शेजारी आणि मित्र. विषय होता 'अशार' हे पोर्तुगीज क्रियापद, म्हणजे सापडणे. त्याचे मूळ लॅटिनमधल्या 'अफ्लारे'त, म्हणजे श्वास सोडण्यात. शिकारी कुत्रा फुसफुसत माग काढतो आणि सावज सापडते, त्यावरून शब्द आला असे जाणकार मानतात. हे सगळे एव्हारिश्तूने कॉफी पिता पिता गाश्पारला सांगितले होते. गाश्पारने फक्त ऐकले होते, आणि आता तोच वक्ता.

त्यात व्याख्यानाच्या दिवशी गाश्पारनेच एव्हारिश्तूला बायकोसकट जेवायला बोलावले. अंगणात सार्डिन मासे भाजले होते, पावावर ठेवून हातानेच खायचे. एव्हारिश्तूची बायको ग्रासिएत गाश्पारच्या प्रत्येक विनोदाला हसत होती. घरी ती लग्नापासून एवढी हसली नव्हती. एव्हारिश्तूला ते बघवेना. गाश्पार कोट घालायला आत गेला, तेवढ्यात त्याने तेलकट बोटांनीच टेबलावरचा गाश्पारचा चष्मा उचलून आपल्या खिशात टाकला. चष्म्याशिवाय गाश्पारला टिपणे वाचता येत नसत. मग वेळ निभावून न्यायला दुसरे कोण उठणार? वाटेत त्याने भाषण मनात जुळवूनही ठेवले.

सभागृह भरले. गाश्पारने सगळे खिसे चाचपले आणि चष्मा हरवल्याचे कबूल केले. एव्हारिश्तू घसा साफ करत उठला. तेवढ्यात गाश्पारची शिकारी कुत्री फारुस्का खुर्च्यांखालून आली. मालकाला सोडून ती कुठेच राहत नसे. तिने एव्हारिश्तूच्या कोटाला नाक लावले आणि सावज सापडल्यासारखी पुढचा एक पाय उचलून जागच्या जागी थिजली.

“खिशात काय आहे रे तुझ्या?” म्हणत ग्रासिएतनेच हात घातला. चष्मा निघाला, काचांवर सार्डिनचे तेल.

धरणी पोटात घेईल तर बरे, असे एव्हारिश्तूला झाले. गाश्पारने क्षणभर त्याच्याकडे पाहिले आणि तो लोकांकडे वळला.

“मंडळी, आमच्या एव्हारिश्तूशिवाय हे प्रात्यक्षिक जमलंच नसतं.”

टाळ्या थांबेनात. फारुस्काला कुरवाळायला रांग लागली.

पुढच्याच आठवड्यात विझेऊ शहरातल्या एका मंडळाचा फोन आला. ग्रासिएतने तो घेतला आणि मग हसत सांगितले, की तिथे गाश्पारचे व्याख्यान ठरले आहे, सोबत फारुस्काही हवी आहे.

“आणि मी?”

“पत्रिकेत फारुस्काच्या खाली तुझं नाव आहे. येताना सार्डिन खाऊन या म्हणालेत.”

गाश्पारवरचा त्याचा जळफळाट त्या दिवशी संपला. आता त्याला ती कुत्री डोळ्यांसमोर नको झाली.