जळकोटच्या वळणावरचा कोट

रस्ता धोक्याचा आहे की नाही हे रस्त्यावर ठरत नाही, कचेरीत ठरते, आणि ते योग्यच आहे. रस्त्यावर धूळ फार असते.

राज्य बदलले तेव्हा उस्मानाबादेत पुष्कळ नव्या गोष्टी आल्या. नवे शिक्के आले, मराठी तक्ते आले आणि ‘तरुण वाहनचालक वर्तन अभ्यास कक्ष’ही आला. या कक्षात एक टेबल, एक खाकी कोट (गुडघ्यापर्यंत, पितळी बटणांचा) आणि दादामियाँ एवढे होते. दादामियाँ पूर्वी शाळेत गणित शिकवीत. त्यांना कोट चढवून जळकोटजवळच्या उतारावर, वळणाशी उभे करण्यात आले. पंचविशीच्या आतली पोरे ट्रक कसा चालवतात ते पाहायचे, एवढेच काम.

पोरे फार छान चालवीत. लांबून कोट दिसला की ट्रक वरातीच्या चालीने येई, ड्रायव्हर हात बाहेर काढून इशारा देई, वर सलामही करी (सलामाला तक्त्यात रकाना नव्हता). दहा वर्षांच्या अभ्यासाचा निष्कर्ष असा निघाला की तरुणांचे वर्तन शंभर टक्के उत्तम आहे. पुण्याच्या एका परिषदेत त्यावर टाळ्याही पडल्या. वळणाखालच्या ओढ्यात अधूनमधून ट्रक सापडत, पण ते कचेरी सुटल्यावर पडलेले, म्हणजे अभ्यासाबाहेरचे.

एरवी काय चालते ते साऱ्या जळकोटाला ठाऊक होते. उतार लागला की पोरे इंजिन बंद करून गाडी सोडून देत. तेवढेच डिझेल वाचे, आणि ते परस्पर विकले तरी मालकाला कळत नसे. भरलेला ट्रक मग मांजरासारखा, आवाज न करता खाली येई.

दादामियाँची मुलगी मैमुना एकदा डबा घेऊन गेली, तेव्हा बब्रुवान नावाचा पोरगा ट्रक थांबवून शेजारच्या हॉटेलात चहा पीत होता. तो हसत म्हणाला, “चाचा, येकदा कोट घरी ठिवून या की! मग दावतो आमची चाल!”

सगळे हसले. दादामियाँ हसले नाहीत. शास्त्रीय सूचना कोणाकडूनही येवो, ते घेत.

दुसऱ्या दिवशी कोट खुंटीवरच राहिला. “अब्बा, कोट?” मैमुनाने विचारले.

“आज खरा अभ्यास, बेटा.”

ते बाभळीआड बसले. ट्रक आवाज न करता आला. नंबर नीट दिसावा म्हणून ते दोन पावले पुढे झाले. त्यांच्या आयुष्यातले हे एकमेव अचूक निरीक्षण. नोंदवायला निरीक्षक उरला नाही, म्हणून ते अहवालात येऊ शकले नाही.

बब्रुवान मैमुनाच्या घरी आला. उंबऱ्याशी बसून रडला. “आपा, कोट असता तर थांबलोच असतो वो, आईची आन! नुस्त्या माणसाला कोण थांबतंय?” चौकशीत हा खुलासा समाधानकारक मानण्यात आला.

मैमुनाने कचेरीत जाऊन वळणाला दगडी कठडा मागितला. साहेबांनी तिला खुर्ची दिली.

“बाई, तुमच्या वडिलांचाच अहवाल पाहा. दहा वर्षांत एक अपघात नाही. कठडा बांधला तर त्यांना खोटे पाडल्यासारखे होईल.”

“मग अब्बा कशानं गेले?”

“गणवेश नव्हता,” साहेब हळुवारपणे म्हणाले. ती कसूर त्यांनी कागदावर घेतली नाही. मन मोठे.

मैमुना घरी आली. खुंटीवरचा कोट तिने काढला, जळकोटला नेला आणि वळणाशी एक मेढ रोवून तिच्यावर चढवला. त्या दिवसापासून ट्रक पुन्हा वरातीच्या चालीने येऊ लागले. साहेब पाहणी करून खूश झाले. रिकामी जागा कोटाने भरली असे समजण्यात आले, आणि कोट आहे म्हटल्यावर कठड्याचे प्रकरण कायमचे बंद झाले.

आता पोरे कोटाला ओळखू लागली आहेत. तरी मैमुना अधूनमधून जाते आणि त्याची बटणे शिवते. परवा ती अशीच मेढीमागे बसली होती. एक जीप उताराला लागली. ड्रायव्हर कोवळा होता. कोट पाहून त्याने ब्रेकवर पाय ठेवला. तेव्हा मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणाले, “अरे, नुसता कोट आहे तो. हाण. उशीर होतोय.”

इंजिन बंद होते, त्यामुळे तिला शब्द स्वच्छ ऐकू आले. आवाज शिकलेल्या माणसाचा होता, फावल्या वेळात अशा गोष्टी वाचणाऱ्याचा.