फाल्सचा चढ आणि माझा उजवा पाय

घाटात गाडी कशी चालवायची हे मला कोणी शिकवू नये, असं माझं स्पष्ट मत होतं. होतं म्हणतोय, हे लक्षात घ्या! मी मूळचा भोरचा. वरंध घाटात मी मामाची जीप चालवली आहे, तीही पावसाळ्यात, तीही मामा शेजारी बसून ओरडत असताना. आणि इथे नेदरलँड्समध्ये अख्ख्या सपाट देशातला उंचातला उंच डोंगर म्हणजे फाल्सचा. उंची तीनशे बावीस मीटर! आमच्याकडे असल्या टेकाडावर शेळ्या सोडतात.

"मंजूषा," मी बायकोला म्हणालो, "तू अजिबात काळजी करू नकोस. शनिवारी बरोबर तीन वाजता तू आणि तुझी आई समोरासमोर!"

"गंधार, नक्की ना? रविवारनंतर पुन्हा नाही भेटता यायचं."

ते खरं होतं. दोन हजार वीसचा मे महिना. माझ्या सासूबाई जानेवारीत धाकट्या लेकीच्या, म्हणजे वृंदाच्या बाळंतपणासाठी जर्मनीत आखेनला आल्या होत्या. मार्चमध्ये त्या आमच्याकडे, बेस्ट नावाच्या आमच्या गावी यायच्या होत्या, तर मार्चमध्ये जगच बंद पडलं. आता रविवारी फ्रँकफर्टहून सरकारने सोडलेलं खास विमान होतं आणि त्यात त्यांना जागा मिळाली होती. मंजूषाने आईला दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. वृंदाच्या घरी चार महिन्यांचं बाळ, तिथे बाहेरच्याला प्रवेश नाही. आईंचे गुडघे दुखरे, त्यांना दोन तास गाडीत बसवत नाही. हॉटेलं बंद, स्वच्छतागृहं बंद. उरली सीमेवरची, वृंदाच्या घरापासून दहा मिनिटांवरची फाल्सची टेकडी. तिच्या माथ्यावर एक कॅम्पिंगची जागा चालू होती, पण अट अशी की टॉयलेट आपापलं आणा!

म्हणून कॅरव्हॅन, म्हणजे गाडीमागे जोडून ओढायची, संडासासकटची चाकांवरची खोली. ती आमच्या शेजारच्या विमची. विम निवृत्त माणूस, मनाने मोठा. कॅरव्हॅन ओढायला त्याने त्याची जुनी अमेरिकन पिकअपही दिली. बैलगाडीएवढी रुंद, आणि पेट्रोल फार पिते म्हणून त्याने तिला गॅसची टाकी बसवून घेतलेली.

निघायच्या दिवशी विम दीड मीटर लांब उभा राहून मला डचमध्ये सूचना देत होता. मला डच पुरेसं येतं. त्याने पहिलं सांगितलं, चढावर पेट्रोलवर घे, म्हणून आधी पेट्रोल भर. दुसरं सांगितलं, पिकअपचा हँडब्रेक सैल आहे, त्याच्या भरवशावर राहू नकोस. तिसरंही काहीतरी सांगितलं, हात ओढून वगैरे दाखवलं, पण तेव्हा मी कॅरव्हॅनला हार कुठे अडकवावा या विवंचनेत होतो. परक्याची असली तरी गाडी पहिल्यांदा बाहेर काढायची म्हणजे हार-नारळ नको? कॅरव्हॅनच्या नाकाडाशी एक लाल दांडा पुढे आलेला होता, खुंटीसारखा. गणपतीच्या सजावटीतला कापडी झेंडूचा हार मी त्याला तीन वेढे देऊन घट्ट बांधला. वर कुंकू लावलं. विम काहीतरी बोलायला तोंड उघडत होता. मी त्याला नारळाचा अर्धा तुकडा दिला आणि तो गप्प झाला.

आणखी एक गोष्ट मी केली, ती कोणालाच सांगितली नाही. मंजूषाने सामानात चक्क पाटा ठेवला होता. दगडी! चौदा किलो! आणि नुसता पाटा, कारण वरवंटा आम्ही इकडे आलो तेव्हा मुंबई विमानतळावरच हॅन्डबॅगेतून जप्त झाला होता. वरवंट्याशिवाय पाट्याचा उपयोग काय? मी इंजिनिअर माणूस, वजनाचा तक्ता केलेला. पाटा हळूच उचलून गॅरेजमध्ये ठेवला. मार्चमध्ये साठवलेलं दहा किलो तांदळाचं पोतं मात्र राहू दिलं. तांदूळ म्हणजे अन्न आहे!

मास्ट्रिख्टपर्यंत गाडी अशी चालली की मी शीळ घालत होतो. गॅसवर एवढी छान चालतेय, तर पेट्रोल भरायला थांबायचं कशाला? फाल्स गावातून वळलो, चढ सुरू झाला. तीनला वीस मिनिटं कमी.

पहिल्या वळणाला गाडीने खोकला काढला.

"काय झालं?" मंजूषा सावरून बसली.

"काही नाही. घाटात गाडी जरा बोलते."

दुसऱ्या वळणाला ती खोकत खोकत हळू झाली. गॅसचा काटा शून्यावर होता. मी पेट्रोलचं बटण दाबलं. पेट्रोलचा काटा त्याहून खाली होता! गाडी एकदा गचकली आणि बंद पडली. मी ब्रेकवर पाय ठेवला, तर इंजिन बंद असल्याने ब्रेक दगडासारखा घट्ट. सगळा जीव पायात आणून दाबला, तेव्हा कुठे गाडी थांबली.

"गॅस संपला," मी कबूल केलं.

"मग टाकी जरा तिरकी करून बघ ना! घरचा सिलिंडर आडवा केला की शेवटच्या दोन पोळ्या निघतात!"

"अगं, अख्खी गाडीच तिरकी आहे! अजून किती तिरकी करू?"

हँडब्रेक ओढला. तो ओढला काय, न ओढला काय! गिअरमध्ये टाकली आणि पाय किंचित सैल करून बघितला. कॅरव्हॅनने मागून ओढलं आणि आम्ही बोटभर मागे सरकलो. मी पुन्हा पाय रोवला. मागच्या आरशात मला दिसत होतं वळण, वळणापलीकडे कुरण, आणि कुरणात आमच्याकडे एकटक बघणाऱ्या सहा गाई.

"मंजूषा, मला पाय उचलता येणार नाही. चाकामागे दगड लाव."

ती उतरली. रस्त्याच्या कडेने खाली गेली, वर आली. "दगड नाहीये."

"दगड नाही म्हणजे? डोंगर आहे हा!"

"गवत आहे! नुसतं कापलेलं गवत! या देशात दगड नाही रे गंधार!" आणि मग तिचा चेहरा एकदम उजळला. "थांब. माझा पाटा आहे!"

ती कॅरव्हॅनमध्ये शिरली. आतून भांड्यांचा आवाज येत राहिला. मी आरशातल्या गाई मोजत राहिलो. खरं सांगायला पाहिजे होतं, पण पायाखाली आधीच ब्रेक होता.

"पाटा मिळत नाहीये!" म्हणत ती तांदळाचं पोतं ओढत आली. ते तिने मागच्या चाकाखाली कोंबलं. मी श्वास सोडला. तेवढ्यात पोतं उसवलं आणि बासमती उतारावरून गाईंच्या दिशेने निघाला.

इतक्यात सत्तरीच्या एक डच आजी सायकलवरून, गाणं गुणगुणत, तो चढ चढून आल्या! माझ्या खिडकीशी थांबल्या. मागे हाराकडे बोट दाखवून उत्साहाने काहीतरी बोलू लागल्या, हातवारे करू लागल्या. त्यांची इकडची बोली माझ्या डचच्या पलीकडची होती. मी स्टिअरिंगवरचे हात काढून नमस्कार केला.

"यांना आपली संस्कृती फार आवडते," मी मंजूषाला म्हणालो. आजींनी पुन्हा दोनदा हाराकडे बोट केलं, मान हलवली आणि पुढे गेल्या.

तीन वाजून दहा मिनिटं झाली. सहाला आईंना परत निघायचं होतं. मंजूषाने आईला फोन लावला. "आई, आम्ही अडकलोय. अगदी खालीच आहोत. नाही जमणार बहुतेक." तिने फोन ठेवला आणि रस्त्याच्या कडेला पाठ करून उभी राहिली. मला स्वतःची इतकी लाज वाटली की सांगता येत नाही. दोन वर्षांनी मिळालेली तीन तासांची भेट मी पेट्रोलपंपावर न थांबून घालवली होती.

पाच मिनिटांत वरून चंद्रहासची गाडी आली. चंद्रहास म्हणजे वृंदाचा नवरा. मागच्या सीटवरून सासूबाई उतरल्या. तोंडाला मास्क, पायात स्पोर्ट शूज, हातात एक जड कापडी पिशवी. लेकीपासून दीड मीटरवर त्या थांबल्या. दोघी नुसत्या एकमेकींकडे बघत राहिल्या. विमानतळावर कोणाला ताप-खोकला निघाला तर विमानात घेत नव्हते, म्हणून जवळ यायचं नाही, असं फोनवर दहा वेळा ठरलं होतं.

मग आईंनी पिशवीतून काढला वरवंटा! लेकीसाठी पुण्याहून सामानात घालून आणलेला, चार महिने वृंदाच्या कपाटात जपलेला!

"चाकामागे हा लाव मंजू. पण नुसता घरंगळेल. खाली पाटा घाल."

मंजूषा माझ्याकडे वळली. "पाटा कुठाय, गंधार?"

"गॅरेजमध्ये," मी म्हणालो. "वजन होत होतं."

"अरे, तो वजन होण्यासाठीच असतो!" मंजूषा कडाडली. "आई वरवंटा आणणार होती, तिच्या हातची चटणी वाटून घ्यायची होती मला त्याच्यावर! म्हणून घेतला होता!"

आईंनी उरलेलं तांदळाचं पोतं गोळा केलं, वरवंटा त्यात आडवा रुतवला आणि चाकामागे ठोकला. "आता थांबेल. पण गंधारराव, तुम्ही पाय काढू नका हं."

चंद्रहासने मदतगाडीला फोन लावला. "दोन-अडीच तास लागतील म्हणतात. मी पेट्रोल आणायला गेलो तर वळणावर गाड्यांना कोण थांबवणार?" तो म्हणाला आणि छत्री घेऊन खाली वळणावर गाड्यांना खुणा करायला उभा राहिला. तेवढ्यात पाऊस आला.

"आई, आत चला," मंजूषा म्हणाली.

"नका बसू आत!" मी ओरडलो. "माझा पाय घसरला तर?"

"मग घसरू देऊ नका," आई म्हणाल्या. "माझे गुडघे आता उभं राहू देत नाहीत."

दोघी आत गेल्या. पिकअपची मागची काच आणि कॅरव्हॅनची पुढची खिडकी उघडी होती, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं.

"तू तिकडे त्या टोकाला बस. मी इथे. दीड मीटर झालं ना?"

"झालं."

"किती वाळलीस गं. जेवतेस ना?"

"आई, नीट धरून बस. बाक गुळगुळीत आहे."

"धरलंय की. अगं... अगं मंजू... अगं, मी सरकतेय!"

सर्रर्र, धप्प! कॅरव्हॅन हलली. मी डोळे मिटून ब्रेक दाबला. चढाकडच्या टोकाला बसलेल्या आई रेक्झिनवरून साडीसकट घसरत थेट लेकीच्या अंगावर जाऊन आदळल्या होत्या! मग दोघी हसायला लागल्या. आणि हसता हसता मंजूषाचं हसणं बदललं आणि ती लहान मुलीसारखी रडायला लागली.

"वर सरकू का पुन्हा?" आईंनी विचारलं.

"नको. पुन्हा घसरशील."

मग त्या सरकल्या नाहीत. गप्पा ऐकू येत होत्या, मध्येच कोणीतरी नाक ओढत होतं, मध्येच माझ्या नावाचा उद्धार होत होता. माझी पोटरी थरथरत होती, मांडीत पेटके येत होते, पण तुम्हाला खरं सांगतो, त्या दिवशी कोणी मला सोन्याचा पाय दिला असता तरी मी हा पाय उचलला नसता. डबा होता, थर्मासात चहा होता. मला चहा खिडकीतून मिळाला.

सहाला दहा कमी असताना मदतगाडी आली. उंचापुरा डच माणूस उतरला. त्याने इंजिन बघितलं नाही, काही नाही. सरळ हाराकडे गेला. छत्री मिटून चंद्रहासही वर आला होता, त्यालाच त्याने अदबीने विचारलं, हे धार्मिक आहे का, हात लावला तर चालेल का.

चंद्रहासने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

त्याने झेंडूचे तीन वेढे काळजीपूर्वक सोडले, लाल दांडा धरला आणि वर ओढला. खर्रर्र, खट्!

"कॅरव्हॅनचा स्वतःचा हँडब्रेक," तो म्हणाला. "पाय काढा आता."

मी पाय काढला. काही हललं नाही. एक तांदूळसुद्धा हलला नाही! विमची तिसरी सूचना आणि सायकलवरच्या आजींचं बोट, दोन्ही मला एकाच वेळी आठवलं.

मंजूषा कॅरव्हॅनच्या दारात उभी होती. "गंधार," ती म्हणाली. तिने नुसतं नावच घेतलं, पण त्यात सगळं आलं.

"असू दे गं," आई मागून म्हणाल्या. त्यांनी लेकीचा हात अजून सोडला नव्हता. "दांडा मिळाला असता तर पेट्रोल आणून वर सपाटीला जाऊन बसलो असतो. तू त्या टोकाला, मी या टोकाला."

त्या गेल्या. वळणावर गाडी दिसेनाशी होईपर्यंत मंजूषा हात हलवत होती. मीही हलवला असता, पण गाडीतून उतरलो आणि उजवा पाय जमिनीवर टेकेचना. थेट मदतगाडीवाल्याच्या खांद्यावर कोसळलो. दीड मीटरचा नियम त्या दिवशी दुसऱ्यांदा मोडला तो असा.

आई सुखरूप पुण्याला पोहोचल्या. वरवंटा आमच्याकडे आहे, पाटाही. आता घराबाहेर पडताना मंजूषा मला दारात थांबवते आणि दोनच गोष्टी विचारते, "पाटा घेतलास? हार कुठे घातलास?"

परवाही तिने विचारलं, तेव्हा आम्ही कोथिंबीर आणायला निघालो होतो. सायकलवर!