एकोणिसावं प्रकरण खाली येतंय!

"अहो, तुटली!" तिसऱ्या मजल्यावरून काकू ओरडल्या आणि तळमजल्यावर, सायकली ठेवायच्या खोलीत, काका ताडकन उठले.

तुटली होती वायर. काकूंच्या रहस्यकादंबरीची एकोणीसपैकी अठरा प्रकरणं त्या वायरीतून सुखरूप खाली उतरून छापूनही झाली होती. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या मावशींनी आयती दोरी मिळाली म्हणून तिच्यावर ओल्या चादरी वाळत घातल्या. दोन चादरी वायरीने निमूट सोसल्या. तिसरी डबलबेडची होती.

आणि घड्याळात वाजले होते तीन! पाच वाजता प्रकाशक स्वतः येणार होता. "शेवट जमला नाही" म्हणून त्याने ही कादंबरी दोनदा परत केली होती. आज छापील प्रत हातात पडली नाही, तर तो दुसऱ्याच कुणाचं पुस्तक छापायला घेणार होता.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी वायर कशाला? तर काकांच्या हट्टापायी. घरातल्या त्या म्हाताऱ्या संगणकावर जी प्रणाली चालायची, ती सगळ्या जगात शंभरेक माणसं वापरत असतील. दुसऱ्या कुठल्या संगणकाला तिच्या फाइली दाखवल्या, तर तो नुसते चौकोन दाखवायचा. घरातल्याची फ्लॉपी अडकलेली, प्रिंटर जोडायची जागा जळलेली, आणि बंद केला तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नाही, त्यामुळे जागचा हलवायची सोय नाही. मग काकांनी भंगारवाल्याकडून त्याचा जुळा भाऊ शोधून आणला, प्रिंटरसकट! "हे धूड घरात आलं तर मी बाहेर," असं काकूंनी बजावल्यामुळे तो सायकलींच्या शेजारी बसला होता.

"मी हाताने लिहून आणू का?" काकूंनी कठड्यावरून वाकून विचारलं.

"तुझं अक्षर? अगं, परवाची तुझी यादी वाण्याने औषधांच्या दुकानात पाठवली!"

"मग वायर जोडा ना पटकन!"

"आत नऊ तारा आहेत, दोन तास लागतील." आणि एकदम काकांचे डोळे चमकले. "अगं, ओरडून सांग! एकेक ओळ! हे यंत्र ओळीच्या शेवटी अक्षरांचा आकडा दाखवतं की नाही, काना, मात्रा, रिकामी जागा सगळं धरून? तुझा आकडा आणि माझा आकडा जुळला, की पुढची ओळ. नाही जुळला, की तीच पुन्हा. वायर तरी दुसरं काय करते? फक्त बोंब मारत नाही!"

पण तिसऱ्या मजल्यावरचा आवाज खाली नीट पोचेना. तेव्हा चादरींमुळे ओशाळलेल्या मावशी दुसऱ्या मजल्यावर उभ्या राहिल्या आणि पहिल्या मजल्यावर निवृत्त पोस्टमास्तर. "तीस वर्षं लोकांचे निरोप पोचवलेत. एक अक्षर हललं नाही," असं म्हणून त्यांनी घसा खाकरला.

झालं, सुरुवात झाली! ओळ वरून मावशींकडे, मावशींकडून पोस्टमास्तरांकडे, तिथून काकांकडे. काका टाइप करणार आणि जीव खाऊन ओरडणार, "एक्केचाळीस!" काकू वरून, "एक्केचाळीस!" आणि मग तिन्ही मजले मिळून, "जुळला!"

पंधरा मिनिटांत दारं उघडली. समोरच्या इमारतीतले लोक पेन्सिली घेऊन धावत आले.

"हाउजी चाललीय ना? तिकीट कुठे मिळेल?"

"शूऽऽ! खून झालाय!" मावशी म्हणाल्या.

मग काय विचारता! अख्खा जिना भरला. डिटेक्टिव्ह सगळ्यांना दिवाणखान्यात जमवून एकेकाची झडती घेत होता आणि पायरीपायरीवरची माणसं श्वास रोखून ऐकत होती. काकांना मात्र मजकुराशी देणंघेणं नव्हतं. बायकोच्या कादंबरीचं एक पान त्यांनी आजवर वाचलं नव्हतं. त्यांना हवा होता आकडा, आणि आकडे धडाधड जुळत होते! काकांना आयुष्यात इतका आनंद क्वचितच झाला असेल.

साडेचारला वरून काकूंचा आवाज आला. "वार माळ्याने केला होता. तेवीस!"

"कुणी?" मावशींचा विश्वासच बसेना.

"माळ्याने हो! सांगा लवकर!"

मावशींच्या मागे एकच गलका उठला. "माळ्याने? तो बिचारा आत्ता तर मालकाच्या आठवणीने रडला!"

"गरीब दिसला की घाला त्याच्याच गळ्यात!"

"तो भाचा बघा तो! मामा जिवंत असताना येऊन घराचे पडदे मोजून गेला मेला!"

मावशींनी क्षणभर वर पाहिलं, तर काकू पुढची ओळ वाचायला आत गेलेल्या; क्षणभर खाली पाहिलं आणि पदर खोचला. "वार भाच्याने केला होता. तेवीस!"

पोस्टमास्तरांनी एकही अक्षर न हलवता ते खाली पोचवलं. काकांनी टाइप केलं. "तेवीस!"

"जुळला!" वरून काकू आनंदाने ओरडल्या.

मावशी थक्क झाल्या. पुढे त्यांनी बेड्या भाच्याला घातल्या, माळ्याला ढसाढसा रडवलं, आणि दर वेळी आकडा चोख जुळला. माळी आणि भाचा ही दोघं काना-मात्रेसकट सारखीच भरतात, हे त्या जिन्यात कुणाच्याच गावी नव्हतं.

पाचला पाच कमी असताना प्रिंटर करकरला. पाच वाजता माणसांच्या गुडघ्यांतून वाट काढत प्रकाशक आला आणि सायकलीला टेकून त्याने थेट शेवटचं प्रकरण उघडलं. काकू धापा टाकत खाली आल्या.

"काकू!" प्रकाशक ओरडलाच. "भाचा!"

"काय?"

"अहो, दोन्ही वेळा तुमचा माळी मी दुसऱ्या प्रकरणातच ओळखला होता! म्हणून तर परत केली. आणि आता भाचा! पडदे मोजणारा भाचा! माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. छापतो, याच वर्षी छापतो!"

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी हळूच कठड्यावर टाकलेल्या डबलबेडच्या चादरीआड सरकल्या.

"एक अक्षर इकडचं तिकडे नाही," काका छाती फुगवून म्हणाले. "ओळन् ओळ तपासलीय मी."

काकूंनी नवऱ्याकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि मग प्रकाशकाच्या हातातल्या कराराकडे पाहिलं.

"शेवटासाठी फार जणांना त्रास दिला हो मी," त्या म्हणाल्या आणि सही केली.

प्रकाशक गेला, तसे काका नाचतच वर आले. बघतात तर काकू संगणकापुढे बसून काहीतरी खोडतायत.

"आता काय करतेस? खालची प्रत अगदी मुळाबरहुकूम आहे, शपथेवर सांगतो!"

"पण मूळ अजून खालच्या प्रतीबरहुकूम नाही ना," काकू म्हणाल्या. "जा, मावशींना वर बोलवा. आणखी कुठे कुठे त्यांनी हात फिरवलाय, ते कळू दे मला."