आधी मरण्याचा मान

माणूस मरणाला भीत नाही. मेल्यावर भावकी काय म्हणेल याला भितो. हे सत्य चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनकर नाटकवाल्यांना माहीत असतं, तर त्यांच्या शोकांतिका पाच अंकांऐवजी पाच मिनिटांत आटोपल्या असत्या.

सदर शोकांतिकेचं तंत्र आमच्या वाडीला स्वरूपने समजावून दिलं. स्वरूप इंग्रजी घेऊन एम. ए. झालेला (वाडीतला पहिलाच, दुसरा होऊ नये म्हणून पालक दक्ष असतात). पहिल्या अंकात ठिणगी, दुसऱ्यात कारस्थान, तिसऱ्यात कळस, चौथ्यात प्रेक्षकाला पाणी प्यायला उसंत आणि पाचव्यात मुडदे. तणाव म्हणजे पायरीपायरीने चढला पाहिजे. असलंच एक नाटक मराठीत आणून त्याला जिल्ह्याच्या हौशी स्पर्धेतला करंडक जिंकायचा होता. करंडक मिळाला तर मुंबईत नाटक शिकायला जायची परवानगी, नाही तर काजूच्या फॅक्टरीत सुपरवायझर, असं त्याच्या वडिलांनी ठरवून टाकलं होतं.

राजा झाले गाव मंडळाचे अध्यक्ष रघूभाऊ. राजावर विषप्रयोग करणारा सेनापती, वाडीतल्या मुंबईकरांच्या मंडळाचे अध्यक्ष केरूभाऊ. दोघे चुलत भाऊ. शिमग्यात पालखीला पहिला खांदा कुणाचा, यावरून अकरा वर्षं बोलत नाहीत (नाटकातले संवाद वगळून, त्यातही ‘महाराज’ हा शब्द केरूभाऊ गिळत).

राजा तिसऱ्या अंकात मरतो आणि सेनापती पाचव्यात, हे कळल्यावर रघूभाऊंनी मुकुट काढून ठेवला.

“मी राजा हाय ना? मंग ह्या केरूच्या आदी मी कसा मरनार? लोकं काय म्हनतील?”

इथे स्वरूपने चूक केली. ती लंडनच्या कुठल्याही दिग्दर्शकाला करता आली नसती.

“काका,” तो म्हणाला, “आधी मरणं म्हणजे पालखीचा पहिला खांदा. मानच आहे तो.”

रघूभाऊ तत्काळ मरायला तयार झाले. ही खबर मुंबईला अकरा मिनिटांत पोचली.

“मान थोरल्या घराचा,” केरूभाऊ फोनवरून गरजले. “आनि थोरला घर आमचा. मी दुसऱ्या अंकात मरनार. लिवून ठेव!”

पुढच्या तालमीला रघूभाऊ पहिल्या अंकाच्या शेवटी मेले. त्यापुढच्या तालमीला मुंबईहून आलेले केरूभाऊ प्रवेश करता करताच. एका महिन्यात मरण अडीच अंक अलीकडे सरकलं. (याच गतीने दिवाळीपर्यंत दोघे नाटक लिहून व्हायच्या आधी वारले असते.) तंत्रदृष्ट्या तणाव चढतच होता, तो फक्त नाटकात नव्हता.

प्रयोग रत्नागिरीत, सकाळी अकराचा. दुसऱ्या घंटेला रघूभाऊ बंद पडद्यामागे जाऊन आडवे झाले. ते पाहून केरूभाऊंनी शेजारी अंग टाकलं. तिसरी घंटा झाली, पडदा उघडला, तेव्हा नाटकातले दोन्ही पक्ष दिवंगत होते.

आता प्रश्न उरला उठण्याचा. जो आधी उठेल तो मेलाच नव्हता, हे ओघाने आलं. सबब कुणीच उठेना. स्वरूपने विंगेतून दोघांचे संवाद म्हटले (प्रेक्षकांना वाटलं भुतं बोलतायत, शोकांतिकेत भूत शास्त्रोक्तच). राणी झालेल्या दीपालीने दोन प्रेतांभोवती पाच अंक शोक केला. पडदा पडला, तरी प्रेतं तिथेच. नंतरच्या मंडळाने आपलं लग्नाचं विनोदी नाटक त्यांच्याभोवतीच उरकलं. वऱ्हाडाच्या अक्षता रघूभाऊंच्या नाकात गेल्या, पण ते शिंकले नाहीत.

“मेलास काय खराच?” केरूभाऊ पुटपुटले.

“तुज्या आदी.”

अकरा वर्षांतलं हे पहिलं संभाषण.

रघूभाऊंची बायको सोनूबाई विंगेत येऊन म्हणाली, “अवो, उठा. एसटी जाईल.”

“मेलेला मानूस एसटीनं जात नाय.”

पाच वाजता निकाल लागला. परीक्षकांचा शेरा: “तणाव अखेरपर्यंत असह्य. मृतांचं काम जिल्ह्यात सर्वोत्तम.” पहिला क्रमांक आमचा! मात्र नियम क्रमांक नऊ: करंडक मंडळाच्या अध्यक्षाने स्वतः उभं राहून स्वीकारावा, अन्यथा तो दुसऱ्या क्रमांकास जाईल.

आमचे अध्यक्ष दोन, आणि दोन्ही कैलासवासी.

नाव पुकारलं. स्वरूप दोघांच्या मधे गुडघ्यांवर बसला. “रघूकाका, केरूकाका, कुणीही उठा. पाया पडतो. माझं आयुष्य आहे हो ते.”

रघूभाऊंनी डोळे न उघडता विचार केला. “थोरला घर त्यांचा ना? मंग थोरल्यानी आदी उठावा.”

“छ्या,” केरूभाऊ म्हणाले. “राजा तो हाय. महाराजांनी आदी उठावा.”

इतक्या वर्षांत दोघांनी एकमेकांना दिलेला हा पहिला मान. तो देऊन होईपर्यंत नाव तिसऱ्यांदा पुकारून झालं होतं, आणि करंडक लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर गेला.

स्वरूप सोमवारपासून काजू मोजतो.

शेवटी आधी कोण उठलं, हे विचारायला तुम्ही तोंड उघडलंच असेल. सांगतो. त्याआधी तुम्ही एवढंच सांगा: तुमच्या भावाशी तुमचं शेवटचं बोलणं कधी झालं, आणि आता फोन करायची पाळी, तुमच्या मते, कुणाची आहे?